स्फटिकातले पाणी आणि तराजूचा पासंग

मोरचुदाचा खडा तुम्ही पाहिलेला आहे. ज्यांच्या घरी द्राक्षाची बाग किंवा पानमळा आहे त्यांना तर तो सांगायलाच नको. चुन्याबरोबर कालवून त्याचे बोर्डो मिश्रण करतात आणि पिकावर फवारतात. निळाशार, कडा कापल्यासारख्या सरळ आणि हाताला अगदी कोरडा लागणारा खडा. आता कुणी म्हणाले की या कोरड्या खड्यात शंभर ग्रॅममागे छत्तीस ग्रॅम पाणी आहे, तर तुम्ही हसाल. पण ते खरे आहे. गुरुजींनी वर्गात दाखवून पाहावे. परीक्षानळीत मोरचुदाची चिमूटभर पूड घेऊन दिव्यावर तापवली, की नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि खाली निळ्या पुडीच्या जागी पांढुरकी भुकटी उरते. नळी निवल्यावर थेंबभर पाणी टाका, भुकटी पुन्हा निळी! (मोरचूद विषारी असतो, मुलांना हात धुवायला लावणे विसरू नये.)

हा खडा मी मुद्दामच पुढे केला आहे. १९१२ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरी माक्स फोन लाऊए यांच्या सूचनेवरून वाल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग या दोघांनी क्ष-किरणांचा एक बारीक झोत स्फटिकावर सोडला आणि मागे फोटोची काच ठेवली. तो पहिला स्फटिक मोरचुदाचाच होता. काच धुऊन काढली तेव्हा तिच्यावर ठिपके उमटलेले दिसले. स्फटिकात अणू कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे रांगेत असतात, आणि या रांगांवरून परतलेल्या लहरी काही दिशांना एकमेकींना साथ देतात, काही दिशांना एकमेकींना मारून टाकतात. जिथे साथ मिळते तिथे ठिपका. पुढच्याच वर्षी इंग्लंडात लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने हे ठिपके उलगडून आपल्या रोजच्या मिठातले अणू कसे बसले आहेत ते सांगितले. बापलेक ब्रॅगना १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता.

मीठ झाले, मोरचूद झाला, हिरा झाला. मग साहजिकच प्रश्न आला, की ज्या पदार्थांनी आपले शरीर चालते त्यांचे काय? रक्त लाल करणारे हिमोग्लोबिन, जठरात मांस पचवणारे पेप्सिन, साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन ही सारी प्रथिने. मिठात दोन जातींचे अणू आलटून पालटून येतात. प्रथिनाच्या एकेका रेणूत हजारो अणू. हिमोग्लोबिनचे स्फटिक होतात हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. पण त्यांच्यावर क्ष-किरण सोडले की ठिपक्यांऐवजी नुसता डाग उमटे. पुष्कळांना वाटले, ही प्रथिने म्हणजे चिखलाचा गोळाच असावा. आत कसली शिस्तच नसावी.

शिस्त होती. पाणी मात्र निघून गेले होते.

ही गोष्ट १९३४ सालची. स्वीडनमधल्या उप्साला गावी जॉन फिलपॉट नावाचा संशोधक पेप्सिन शुद्ध करीत होता. भांडे शीतकपाटात ठेवून तो बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी सुटीवर गेला. परत येऊन पाहतो तो भांड्यात चांगले दोन दोन मिलिमीटरचे स्फटिक वाढलेले. ग्लेन मिलिकन नावाचे पाहुणे तिथे आले होते. त्यांनी स्फटिकांची नळी, स्फटिक ज्या द्रवात वाढले त्या द्रवासकट, कोटाच्या खिशात घातली आणि केंब्रिजला जॉन डेस्मंड बर्नाल यांच्या हाती दिली. बर्नाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. द्रवात असेपर्यंत स्फटिक तेजाने चमकत होते. बाहेर काढून कोरडे केले की चमक नाहीशी, आणि स्फटिकाची पार दशा! बर्नाल यांनी ताडले की हा स्फटिक पाण्यावर उभा आहे. त्यांनी तो केसासारख्या बारीक काचेच्या नळीत त्याच्याच द्रवासह बंद केला आणि मग क्ष-किरण सोडले. डागाच्या जागी शेकडो ठिपके! त्यांच्या विद्यार्थिनी डॉरोथी क्रोफुट, ज्यांना पुढे जग डॉरोथी हॉजकिन म्हणून ओळखू लागले, त्यांच्याबरोबर लिहिलेले एक लहानसे पत्र त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘नेचर’ साप्ताहिकात आले. प्रथिनांचे स्फटिकशास्त्र तिथून सुरू झाले असे मानतात.

आता तुम्ही विचाराल, मोरचुदातही पाणीच होते, मग यात नवल ते काय? फरक मोठा आहे. मोरचुदातले पाणी घरच्या माणसासारखे असते; त्याची जागा ठरलेली, पाट ठरलेला. प्रथिनाच्या स्फटिकातले बहुतेक पाणी जत्रेतल्या गर्दीसारखे. मोसंब्यांची टोपली डोळ्यांपुढे आणा. फळे कितीही नीट रचली तरी मध्ये फटी राहणारच. तशी प्रथिनाच्या मोठमोठ्या रेणूंची रास रचली, की फटींतून पाण्याचे पाट राहतात. रेणूच्या अंगाला बिलगलेले थोडे पाणी तेवढे जागच्या जागी असते. बाकीचे सारे वाहते आणि हलते राहते. १९६८ साली ब्रायन मॅथ्यूज यांनी ११६ निरनिराळ्या प्रथिन-स्फटिकांचा हिशोब मांडला, तेव्हा स्फटिकाच्या आकारमानाचा शेकडा २७ पासून ६५ पर्यंत भाग पाण्याचा निघाला. सगळ्यांत नेहमीचा आकडा शेकडा ४३. म्हणजे ज्याला आपण हातात घेऊन ‘घन पदार्थ’ म्हणतो त्यातले निम्मेशिम्मे पाणीच!

या पाण्याने पुढल्या साठ वर्षांत शास्त्रज्ञांना छळलेही फार आणि उपकारही केले. उपकार आधी सांगतो.

माक्स पेरुट्झ हे व्हिएन्नाचे. १९३६ साली बर्नाल यांच्यापाशी शिकायला केंब्रिजला आले आणि पुढच्या वर्षी घोड्याचे हिमोग्लोबिन हाती घेतले. लोक म्हणत, हे काम आयुष्यात पुरे व्हायचे नाही. मध्ये महायुद्ध आले. ऑस्ट्रियाचा माणूस म्हणून १९४० साली इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्रीय ठरवून पकडले आणि थेट कॅनडात छावणीत नेऊन ठेवले. १९४१ साली ते परत आले ते पुन्हा त्याच स्फटिकांपाशी. त्यांनी काय केले, तर स्फटिक थोडथोडे सुकवले. पाणी कमी होई तसतसे थर एकमेकांजवळ सरकत, पण थर स्वतः आक्रसत नसत. यावरून रेणू कणखर आहे आणि मध्ये आहे ते पाणी, हे सिद्ध झाले. मग आणखी एक युक्ती. स्फटिक साध्या पाण्यात ठेवून ठिपके मोजायचे, नंतर दाट खारट पाण्यात ठेवून मोजायचे. मीठ पाटांतून सगळीकडे पसरते, रेणूच्या पोटात मात्र शिरत नाही. दोन मापांत जो फरक पडतो तो पाण्याचा, म्हणजेच पाण्याच्या कडेचा. आणि पाण्याची कड हीच रेणूची बाह्यरेषा! १९५२ साली ब्रॅग आणि पेरुट्झ यांनी याच वाटेने हिमोग्लोबिनच्या रेणूचा बाहेरचा आकार काढला. आतले काही दिसत नव्हते, पण अंधारात हाताने चाचपडून मडके आहे की कळशी हे तरी कळले. माझ्या मते या सबंध इतिहासातला हा फार देखणा प्रयोग आहे, आणि त्याची आठवण फार थोडे जण काढतात.

दुसरा उपकार याहून मोठा. ठिपक्यांत एक खोट असते. ठिपका किती काळा हे मोजता येते, पण त्या लहरीचा चढ कुठे आणि उतार कुठे हे फोटोत उमटत नाही. ही अडचण १९५३ साली पेरुट्झ यांनी स्फटिकात पाऱ्याचे जड अणू बसवून सोडवली. पारा आत गेला तो या पाण्याच्या पाटांतूनच. स्फटिक ठोकळ्यासारखा भरीव असता तर तो कुठून शिरता? याच रीतीने जॉन केंड्र्यू यांनी देवमाशाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनचे पहिले चित्र १९५८ साली आणि बारकाव्याचे चित्र १९६० साली काढले. केंड्र्यू आणि पेरुट्झ यांना १९६२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता छळाची बाजू. ती समजून घेण्यासाठी थोडे सावकाश जाऊ या.

चित्र तयार झाले, म्हणजे अमुक अणू इथे, तमुक अणू तिथे, असा एक नमुना मनाने बांधला, की तो खरा की खोटा हे ताडून पाहावे लागते. नमुन्यावरून ठिपके कसे यायला हवेत ते गणिताने काढायचे, आणि प्रत्यक्ष मोजलेल्या ठिपक्यांशी ताळा करायचा. फरक शेकडा किती राहिला तो आकडा काढतात. मग अणू जरासे इकडे तिकडे सरकवून पुन्हा ताळा, पुन्हा सरकवणे. याला परिष्करण म्हणू. सोनार दागिना कानशीने घासून परत परत काट्यावर ठेवतो, तसेच हे.

पण ताळा करायचा तर दोन्ही बाजूंची मापे एक हवीत. फोटोतला ठिपका किती काळा हे झोताच्या जोरावर, स्फटिकाच्या आकारावर, किती वेळ काच ठेवली त्यावर अवलंबून. तुमच्या घरी आजीच्या वेळचे एखादे माप असेल. त्याने मोजून हा ढीग पाच मापे, तो ढीग तीन मापे, एवढे तुम्ही बिनचूक सांगाल. पण ते माप पायलीचे की अधोलीचे, हे ठाऊक नसेल तर बाजारात त्या पाचाला काय अर्थ? या कोड्याला १९४२ साली केंब्रिजमधल्या ए. जे. सी. विल्सन यांनी उत्तर दिले, तेही ‘नेचर’मधल्या एका छोट्या पत्रात. त्यांचे म्हणणे असे, की स्फटिकाच्या एका घरात कार्बन किती, नायट्रोजन किती, ऑक्सिजन किती हे आपल्याला माहीत आहे ना? मग ते कुठे बसले आहेत हे माहीत नसतानाही ठिपक्यांची सरासरी प्रखरता किती यावी हे काढता येते. प्रत्यक्षातली सरासरी तिच्याशी ताडली की मापाचा आकार कळला. शिवाय अणू उष्णतेने थरथरतात म्हणून दूरचे ठिपके फिके पडतात, ते किती हेही त्याच हिशोबात निघते. कागदावर मांडले की सरळ रेघ यायला हवी.

लहान रेणूंची येते. प्रथिनांची मात्र जवळच्या ठिपक्यांपाशी वाकडी होते. त्यात रेणूच्या स्वतःच्या घडणीचा हात आहेच, पण आणखी एक मोठा हात पाण्याचा.

हे असे का होते पाहा. फोटोच्या मध्याजवळचे ठिपके ठोकळ आकार सांगतात आणि कडेचे ठिपके बारीक नक्षी सांगतात. गाण्यात खर्ज आणि तारसप्तक असते तसे. आता नमुना बांधणारा फक्त प्रथिनाचे अणू मांडतो. भोवती त्याच्या हिशोबात पोकळी असते, काहीही नसते. प्रत्यक्षात तिथे पाणी आहे. क्ष-किरणांना परतवतात ते इलेक्ट्रॉन. हे शास्त्र अंगस्ट्रॉममध्ये मोजते. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अंगस्ट्रॉम. एक अंगस्ट्रॉम लांब, रुंद आणि उंच असे हजार चिमुकले घन घेतले, तर प्रथिनात सुमारे ४३० इलेक्ट्रॉन भरतात आणि पाण्यात सुमारे ३३०. म्हणजे एक डोंगर आहे त्रेचाळीस हात उंच, आणि धरणाचे पाणी त्याच्या भोवती चढले आहे तेहतीस हात. काठावरून पाहणाऱ्याला डोंगर दिसेल दहाच हात! आणि आमचा गणिती कागदावर त्रेचाळीस हात धरून बसलेला. ठोकळ आकाराच्या लहरी अशाने चौपटीहून अधिक मोठ्या येतात. ठिपक्याची प्रखरता लहरीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे तिथली चूक पंधरा-वीस पटींच्या घरात गेली. बारीक नक्षीचे मात्र असे बिघडत नाही, कारण हलत्या पाण्याला स्वतःची नक्षीच नसते. चूक सगळी खर्जात.

मग लोकांनी काय केले? पुष्कळ वर्षे पुष्कळांनी मध्याजवळचे ठिपके हिशोबातून सरळ वगळले! सहा-आठ अंगस्ट्रॉमच्या पलीकडचा ठोकळ भाग बाजूला ठेवायचा आणि उरलेल्याचा ताळा दाखवायचा. ताळ्याचा आकडा झटकन सुधारतो. त्या काळची गणकयंत्रे लहान होती, पाण्याचा हिशोब करणे महाग पडे, ही अडचण मी नाकारीत नाही. तरी खर्ज काढून टाकल्यावर गाणे पोकळ वाजते. या ठिपक्यांवाचून काढलेल्या चित्रात रेणूची कड विरते, सैल टोके कुठून कुठे जातात ते कळेनासे होते आणि नेमक्या औषध बसायच्या खळग्याशी संशय उरतो. हे केवळ पंडितांचे भांडण नव्हे. पेप्सिनचाच एक दूरचा भाऊबंद एड्सच्या विषाणूत आहे. त्याचे चित्र १९८९ साली निघाले आणि त्याच्या खळग्यात बसतील अशी औषधे घडवण्यात आली. पहिले औषध १९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्य झाले. त्या खळग्यात पाण्याचा एक एकटा रेणू ठरल्या जागी उभा असतो. कुठले पाणी ठरल्या जागचे आणि कुठले गर्दीतले, हे ओळखण्यावर असा खळगा नीट समजणे अवलंबून असते.

पाण्याचा हिशोब मांडण्याच्या दोन वाटा निघाल्या. पहिली सोपी. एकोणिसाव्या शतकातल्या जाक बाबिने या फ्रेंच पंडिताचे एक तत्त्व आहे. दारात रांगोळीचा छाप उमटवताना पत्र्याला भोके असतात. भोकांची नक्षी आणि उरलेल्या पत्र्याची नक्षी, दोन्ही एकच. एक उजू तर दुसरी उलट. तसे प्रथिन आणि पाणी मिळून स्फटिक सपाट भरलेला आहे असे धरले, तर पाण्याच्या लहरी प्रथिनाच्याच लहरी, फक्त उलट्या चिन्हाच्या. तेव्हा नमुन्याच्या लहरींतून त्यांचाच काही हिस्सा वजा करा, की झाले. १९७५ साली मोव्ज आणि क्रेट्झिंगर यांनी एका माशाच्या स्नायूतल्या प्रथिनासाठी या जातीचा हिशोब वापरला. दोन आकड्यांत काम भागते म्हणून ही रीत पुष्कळांना आवडली. पण तत्त्व खरे ठरते ते अगदी ठोकळ, पंधरा अंगस्ट्रॉमच्याही पलीकडच्या ठिपक्यांना. अलीकडे आले की छापाची भोके आणि पत्रा यांचे नाते तुटते, कारण प्रथिनाच्या आत स्वतःची नक्षी असते आणि पाण्यात ती नसते.

दुसरी वाट कष्टाची आणि खरी. नमुन्यातल्या प्रत्येक अणूभोवती त्याच्या मापाचा गोळा कल्पायचा, गोळ्यांनी व्यापलेली जागा सोडून द्यायची आणि उरलेल्या जागेत सपाट, एकसारखे पाणी भरायचे. त्या पाण्याचे ठिपके वेगळे काढायचे, आणि पाण्याची कड पुसट असते म्हणून दूरच्या ठिपक्यांकडे ते फिके करीत न्यायचे. मग प्रथिनाच्या लहरींत मिळवायचे. सायमन फिलिप्स यांनी १९८० साली ऑक्सिजन धरलेल्या मायोग्लोबिनसाठी असे केले. १९९४ साली जिआंग आणि अ‍ॅक्सेल ब्रुंगर यांनी ही रीत पक्की बसवली. त्यांनी कसाला लावलेल्या दोन प्रथिनांपैकी एक होते पेनिसिलोपेप्सिन, बुरशीतले पेप्सिन! बर्नाल यांच्या काचेच्या नळीला तेव्हा बरोबर साठ वर्षे झाली होती.

ब्रुंगर यांचे आणखी एक काम १९९२ सालचे, आणि ते शिक्षकांना विशेष पटेल. पोराला जी उदाहरणे सोडवून दाखवली तीच परीक्षेत घातली, तर गुण पोराचे की गुरुजींचे? म्हणून त्यांनी सांगितले, की शंभरातले पाच-दहा ठिपके आधीच बाजूला झाकून ठेवा. परिष्करणात त्यांना हात लावू नका. शेवटी ताळा त्यांच्याशी करा. हा झाकलेला ताळा आल्यावर पाण्याची कोणती रीत खरोखर उपकारक आणि कोणती नुसती आकडा सजवणारी, हे ठरवायला निःपक्षपाती पंच मिळाला.

एवढे झाले तरी एक गुंता राहिलाच. किराणा दुकानाचा जुना तराजू आठवा. रिकामा धरला तरी एक पारडे खाली जाई. तो पासंग. आता पारड्यात माल बारदानासकट आहे, बारदानाचे वजन नक्की नाही आणि तराजूला पासंगही आहे. काटा चुकला तर दोष कुणाचा? इथेही तेच. एकूण माप हा पासंग, पाणी हे बारदान. माप जरा चुकले की त्याची भरपाई पाणी करते, पाणी चुकले की माप. दोन चुका एकमेकींच्या आड लपतात आणि ताळा ठीक दिसतो. त्यातच स्फटिक सगळीकडे सारखा नसतो. कापडाला उभा धागा घट्ट आणि आडवा सैल असावा, तसे काही स्फटिकांत रेणू एका दिशेने पक्के आणि दुसऱ्या दिशेने ढिले बसतात. त्या दिशेचे ठिपके लवकर विझतात. तेव्हा मापही दिशेप्रमाणे बदलावे लागते. एका आकड्याच्या जागी सहा आकडे येतात.

२००२ साली फोकिन आणि उर्झुम्त्सेव यांनी जगाच्या भांडारातल्या पुष्कळ नमुन्यांचे पाण्याचे आकडे तपासले. भांडार म्हणजे १९७१ साली अमेरिकेत अवघ्या सात नमुन्यांवर उघडलेली प्रथिनांची पेढी. आज तिच्यात दोन लाखांहून अधिक नमुने आहेत. त्यांना दिसले, की काळजीने काढले तर पाण्याची दाटी नेहमी घन-अंगस्ट्रॉमला ०.३५ इलेक्ट्रॉनच्या आसपास येते. साध्या पाण्याची ०.३३. थोडी जास्त का? कारण स्फटिक वाढवायला दाट क्षार घालावे लागतात. हे पाणी विहिरीचे नव्हे, मिठागराचे. पण भांडारात कितीतरी नमुन्यांचे आकडे याच्या जवळपासही नव्हते. कुठे पाणी अशक्य दाट, कुठे जवळजवळ नाहीच. पासंग आणि बारदान यांची अदलाबदल झाल्याची ती खूण होती. पावेल अफोनिन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००५ साली हा हिशोब न घसरता करण्याची रीत दिली, आणि २०१३ साली ती पुन्हा मुळापासून तपासली. पाण्यासाठी दोनच आकडे धरून बसण्याऐवजी त्यांनी ठिपक्यांचे मध्यापासून कडेपर्यंत वलयांसारखे गट पाडले आणि प्रत्येक वलयासाठी पाण्याचे माप थेट गणिताने काढले. काम पूर्वीपेक्षा पुष्कळ झटपट झाले आणि ताळाही सुधारला.

आपल्याकडेही या पाण्याचा मागोवा घेणारे झाले. एम. विजयन हे डॉरोथी हॉजकिन यांच्या त्या चमूत होते, ज्याने १९६९ साली इन्शुलिनचे चित्र काढले. बाईंनी इन्शुलिनचा पहिला फोटो १९३५ साली घेतला होता. मधली चौतीस वर्षे मोजा! विजयन परत येऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमले. तिथे त्यांच्या गटाने स्फटिकाभोवतीच्या हवेचा दमटपणा हळूहळू कमी करीत नेला. एका ठराविक टप्प्याला स्फटिक एकदम नवी बैठक घेतो, आणि त्याबरोबर रेणूचे काही भागही हलतात, असे त्यांना आढळले. पेरुट्झनी घोड्याच्या हिमोग्लोबिनवर जे सुरू केले होते त्याचाच हा पुढचा धागा. पाणी ही नुसती अडगळ नाही, रेणूच्या चालण्या-वागण्यात त्याचा वाटा आहे, हे त्यातून दिसले.

सपाट पाण्याच्या रीतीतही एक फसगत आहे, ती सांगायला हवी. औषधाचा रेणू खळग्यात बसला आहे की नाही, हेच पाहायचे असते तेव्हा तो नमुन्यातून मुद्दाम काढून ठेवतात आणि तिथे काही उमटते का ते पाहतात. पण जागा रिकामी दिसली की आमचे गणित तिथे पाणी भरून मोकळे! औषध जर फिकट असेल, खळग्यात सैल बसले असेल, तर ते या पाण्यात बुडून जाते आणि शोधणारा म्हणतो, इथे काहीच नाही. यावर २०१७ साली एक उपाय निघाला. त्या खळग्याभोवती गणिताचा बांध घालायचा आणि आत पाणी शिरू द्यायचे नाही. हॉलंडात समुद्र हटवून बांधाआड जी जमीन काढतात तिला पोल्डर म्हणतात; या नकाशालाही तेच नाव दिले. गोव्यात खाजण आणि कोकणात खारजमीन पाहिलेल्यांना ते लगेच समजेल.

एवढे सगळे करूनही ताळा अजून पुरता जुळलेला नाही. मिठासारख्या किंवा औषधी गोळीतल्या लहान रेणूंच्या स्फटिकात नमुना आणि मोजमाप यांतला फरक शेकडा पाचाच्या आत येतो. प्रथिनांचा तो शेकडा वीसच्या आसपास अडतो, तेही ठिपके त्याहून कितीतरी काटेकोर मोजलेले असताना. या फरकात रेणूंच्या हालचालींचा भाग किती आणि पाण्याचा किती, यावर अजून खल चालू आहे. सगळे पाणी एकसारखे सपाट धरणे हेच मुळात खरे नव्हे. रेणूच्या पोटातल्या एखाद्या तेलकट पोकळीत पाणी शिरतच नाही, तर शेजारच्या फटीत क्षार दाटलेले असतात. अफोनिन आणि उर्झुम्त्सेव यांनी सोबत्यांसह २०२४ साली सपाट पाणी सोडून दिले. स्फटिकातल्या प्रत्येक डबक्याला त्याची त्याची वेगळी दाटी देऊन, फरशीच्या तुकड्यांसारखे पाणी जोडून ते आता हिशोब मांडीत आहेत.